डोंगरची काळी मैना आपल्या दारात
करवंदाची 'कोकण बोल्ड' जात : घरच्या बागेसाठी कशी, कुठे आणि का लावावी?

वैशाख पौर्णिमेच्या सुमारास कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत किंवा कपिलतीर्थ मंडईत गेले की पश्चिमेकडच्या डोंगरातून आलेल्या बायाबापड्या पाट्या मांडून बसलेल्या दिसतात. कोणी पन्हाळ्याकडच्या, कोणी शाहूवाडीच्या, कोणी गगनबावडा-राधानगरीच्या. पाटीत काळीभोर करवंदे आणि मोजायला पानाचा द्रोण. आपली मुले ते द्रोण हातात घेऊन 'कोंबडा की कोंबडी' खेळतात. फळ दाताने फोडायचे, आत लाल निघाले तर कोंबडा, पांढुरके निघाले तर कोंबडी. हा खेळ आपल्या आज्या खेळल्या, आया खेळल्या आणि आता नातवंडेही खेळतात.

पण हीच मुले आइस्क्रीमच्या दुकानात गेली की 'ब्लॅककरंट' मागतात, आणि घरी येऊन विचारतात की ब्लॅककरंट म्हणजे करवंदच का? काही भगिनींचीही अशी समजूत आहे. किराणा दुकानात काळ्या मनुकांच्या पुडीवरही कधी कधी हेच नाव छापलेले असते. म्हणून या अंकात आम्ही आधी हा नावांचा घोटाळा दूर करणार आहोत आणि मग आपल्या परसात, विहाराच्या आवारात किंवा गच्चीवरच्या पिंपात लावता येईल अशा करवंदाच्या एका चांगल्या जातीची ओळख करून देणार आहोत.

ब्लॅककरंट वेगळे, करवंद वेगळे

ब्लॅककरंट हे थंड देशातले झुडूप. इंग्लंड, स्कॉटलंड, पोलंड, रशिया या भागात ते होते. त्याला काटे नसतात. फळ वाटाण्याएवढे, काळे, आंबट आणि उग्र वासाचे असते. त्यात 'क' जीवनसत्त्व भरपूर असते. दुसऱ्या महायुद्धात बोटींची वाहतूक बंद पडून इंग्लंडात संत्री मिळेनाशी झाली, तेव्हा १९४२ पासून तिथल्या सरकारने लहान मुलांना ब्लॅककरंटचे सरबत फुकट वाटले. आपल्याच मातीत पिकणाऱ्या साध्या फळाने त्या देशाची मुले सांभाळली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

परंतु हे झाड कोल्हापुरात फळणार नाही. त्याला हिवाळ्यात शेकडो तास सात अंशांच्या खालची थंडी लागते. तेवढी थंडी मिळाली तरच वसंतात त्याच्या कळ्या नीट फुटतात. आपल्याकडे ऐन पौषातसुद्धा अशी थंडी अशी सलग पडत नाही. तेव्हा कोणी 'खास ब्लॅककरंटचे रोप' म्हणून काही विकायला आणले, तर भगिनींनी पैसे देऊ नयेत. रोप खरे असले तर ते इथे फळणार नाही, आणि इथे फळणारे असले तर ते ब्लॅककरंट नव्हे.

काळ्या मनुका तर तिसरीच वस्तू. त्या सुकवलेल्या काळ्या द्राक्षांच्या असतात. इंग्रजीतला 'करंट' हा शब्द मुळात ग्रीस देशातल्या कॉरिंथ या गावावरून पडला आणि तो बारीक मनुकांनाच लावत असत. पुढे तो त्या थंड देशातल्या झुडपालाही चिकटला. नाव एक, वस्तू दोन.

आपले करवंद या दोन्हींहून निराळे आहे. ते कण्हेरीच्या आणि चाफ्याच्या कुळातले आहे. पान किंवा कच्चे फळ तोडले की पांढरा चीक येतो, तो या कुळाचाच गुण. पाने समोरासमोर, गर्द हिरवी आणि चिवट. काटे जोडीने येतात आणि अणकुचीदार असतात. माघ-फाल्गुनात जाईसारखी पांढरी, सुवासिक फुले येतात. चैत्रात फळे धरतात आणि वैशाख-ज्येष्ठात पिकतात. सह्याद्रीच्या कातळावर, जिथे कुदळसुद्धा परत उडते तिथे, हे झुडूप पाण्यावाचून वर्षानुवर्षे उभे राहते.

येथे आयाबहिणींना एक इशारा. करवंद आणि कण्हेर एका कुळातली असली, तरी कण्हेर विषारी आहे. पिवळ्या फुलांची बिट्टीही तितकीच विषारी आहे. मुलांना झाडाची ओळख नीट करून दिल्याशिवाय 'चीक येतो ते करवंद' असे कधी सांगू नका. जोडकाटे, जाईसारखे फूल आणि काळे गोल फळ या तीन खुणा एकत्र दिसल्या तरच ते करवंद.

'करवंद' एवढे सांगून भागत नाही

इंग्लंडातला घरबाग करणारा मनुष्य रोपवाटिकेत जाऊन नुसते 'ब्लॅककरंट द्या' म्हणत नाही. तो जातीचे नाव सांगतो. स्कॉटलंडात तयार झालेल्या 'बेन लोमंड'सारख्या जाती तिथल्या डोंगरांच्या नावाने ओळखल्या जातात. कोणती जात लवकर फुलते, कोणती उशिरा, कोणती लहान जागेत बसते, हे विचारून तो रोप नेतो. आपण मात्र आंब्याच्या बाबतीत हापूस की पायरी ते विचारतो आणि करवंदाच्या बाबतीत काहीच विचारत नाही. रानातले फळ, त्याला कसली आली जात, अशी आपली समजूत. माणसाच्या जातीची चौकशी करणारा समाज झाडाच्या जातीची चौकशी करीत नाही, ही गंमतच आहे. वास्तविक चौकशी करायची ती इथे.

दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने करवंदाची 'कोकण बोल्ड' ही जात निवड पद्धतीने तयार केली आणि २००४ साली ती प्रसारित झाली. निवड पद्धत म्हणजे कोठे दोन झाडांचा संकर केला असे नाही. निसर्गात आधीच असलेल्या अनेक झाडांमधून गुणी झाड हेरायचे, त्याची काही वर्षे पारख करायची, आणि मग त्याच झाडाची कलमे किंवा छाट करून ते वाढवायचे. म्हणजे ही 'सुधारित' जात आपल्या डोंगरच्या करवंदाचीच लेक आहे.

तिचे गुण असे :

पहिला गुण, फळाचा आकार. रानातले करवंद बहुधा बोराच्या बीएवढे ते लहान बोराएवढे असते. खाताना अर्धे बीच तोंडात येते. 'कोकण बोल्ड'चे फळ त्याच्या कितीतरी पट मोठे आणि भरीव असते. नावातला 'बोल्ड' हा शब्द त्या टपोरेपणासाठीच आहे.

दुसरा गुण, गर. फळ मोठे असल्याने बियांच्या मानाने गर जास्त निघतो. लोणचे, सरबत, जॅम करणाऱ्या भगिनींना याचे महत्त्व सांगायला नको. रानकरवंदाच्या बिया काढता काढता अर्धा दिवस जातो आणि हाती मूठभर गर राहतो.

तिसरा गुण, फळे घोसाने लागतात. काट्यात हात घालून एकेक फळ शोधण्यापेक्षा घोस हेरून तोडणे सोपे जाते.

चौथा गुण, रंग. पिकल्यावर फळ गर्द जांभळे, जवळजवळ काळे होते. त्यामुळे सरबताला वेगळा रंग घालावा लागत नाही.

आता उणी बाजूही सांगितली पाहिजे. काटे या जातीलाही आहेत. चीकही आहे. आणि रानातल्या लहान करवंदाला उन्हाने आणि कातळाने जी एक तीव्र गोडी येते, तिची सर मोठ्या फळाला येतेच असे नाही. ज्यांना द्रोणातून खायला करवंद हवे त्यांनी रानचेच घ्यावे. ज्यांना घरात वर्षभर पुरेल असे काही करायचे आहे त्यांच्यासाठी 'कोकण बोल्ड'.

बाजारात आणखी काही जाती आढळतात. उत्तराखंडातील पंतनगरच्या कृषी विद्यापीठाने 'पंत मनोहर', 'पंत सुदर्शन' आणि 'पंत सुवर्णा' या जाती दिल्या. पहिल्या दोन्हींच्या कच्च्या फळावर पांढऱ्या रंगात गुलाबी छटा असते, तिसरीच्या हिरव्या फळावर तपकिरी छटा असते. फळ लहान, ३-४ ग्रॅमचे. लोणच्याला आणि मुरंब्याला त्या चांगल्या. रोपवाटिकेत शोभेसाठी आणखी एक परदेशी करवंद ठेवलेले असते. त्याचे मूळ दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतातले. त्याचे फूल मोठे, चांदणीसारखे असते आणि फळ पिकल्यावर काळे न होता लालच राहते. ते आपले करवंद नव्हे, एवढे ध्यानात असावे.

आपल्या घरांना हेच झाड का?

आपल्या वाडवडिलांना घर मिळाले ते गावकुसाबाहेर आणि जमीन मिळाली ती बहुतेकांना मिळालीच नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह झाले. हजारो स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. त्यात कडेवर पोर घेतलेल्या आपल्या मायबहिणीही होत्या. त्या लढ्याने पुष्कळ मिळवले, तरीही आज आपल्यापैकी कित्येक कुटुंबांच्या नावावर सातबारा नाही. घरामागे दहा हात जागा, नाहीतर दोन खोल्यांपुढचा ओटा, नाहीतर चाळीची गच्ची एवढीच आपली इस्टेट.

अशा घराला आंबा, फणस, नारळ लावा असे सांगणे म्हणजे थट्टा आहे. त्यांना जागा हवी, पाणी हवे आणि दहा वर्षांचा धीर हवा. करवंदाचे तसे नाही. त्याला हलकी, मुरमाड, खडकाळ जमीन चालते. एकदा मूळ धरले की उन्हाळ्यात पाणी नसले तरी ते मरत नाही. सकाळी कामावर जाऊन दिवेलागणीला परतणाऱ्या आईबापांना रोज पाणी घालणे कोठून जमणार? कुंपणाला लावले की शेळ्यामेंढ्या आणि मोकाट जनावरे आत येत नाहीत. म्हणजे ज्या पैशात आपण तारेचे कुंपण घालणार, त्याहून थोड्या पैशात हिरवे कुंपण होते आणि वर फळ मिळते.

बाबासाहेबांना बागेची मोठी आवड होती. डोक्यावर कामाचा एवढा डोंगर असतानाही त्यांनी झाडांसाठी वेळ काढला. आपल्याला बंगल्याची बाग नको. दोन झुडपे लावली तरी पुष्कळ झाले.

लावण कशी करावी

बी पेरून की छाट लावून? येथेच बहुतेकांची फसगत होते. मोठे फळ खाऊन त्याची बी पेरली म्हणजे तसेच मोठे फळ येईल असा भरवसा नाही. बियांच्या झाडात आईचे सगळे गुण उतरत नाहीत. 'कोकण बोल्ड' हवे असेल तर त्याच जातीच्या झाडाचे छाट, गुटी किंवा कलम घ्यावे. असे झाड साधारण दोन-तीन वर्षांत फळू लागते, बियांचे झाड याहून उशीर लावते. कुंपणापुरतेच हवे असेल तर मात्र रानकरवंदाची बी उत्तम. पण बी ताजी असतानाच, म्हणजे ज्येष्ठ-आषाढात, धुऊन लगेच पेरावी. ठेवलेली बी उगवत नाही.

रोप कोठून आणावे? दापोली विद्यापीठाच्या रोपवाटिकेत विचारावे. कोणाचे पाहुणे रत्नागिरी जिल्ह्यात असतील तर त्यांच्याकडून मागवावे. कोल्हापुरातल्या कृषी महाविद्यालयात आणि शासकीय रोपवाटिकेतही चौकशी करावी. खाजगी रोपवाल्याकडून घेताना दोन प्रश्न विचारावेत : हे रोप बियांचे की छाटाचे? आणि मूळ झाड कोठले? उत्तर देताना तो चाचरला तर पुढचे दुकान पाहावे.

खड्डा उन्हाळ्यातच घ्यावा, दीड ते दोन फूट लांब, रुंद आणि तेवढाच खोल. महिनाभर ऊन खाऊ द्यावा. मग वरची माती आणि एक-दोन पाट्या कुजलेले शेणखत मिसळून भरावा. पहिले दोन चांगले पाऊस झाले की रोप लावावे. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. आमच्या मते तोच दिवस लावणीला योग्य. विहारात वंदना करून घरी यावे आणि मुलांच्या हातून रोप लावावे, म्हणजे तारीख विसरत नाही.

अंतर किती? फळासाठी झाड वाढवायचे तर दोन झाडांत १० फूट ठेवावे. कुंपणासाठी २ ते ३ फूट पुरे. एकाच झाडापेक्षा दोन लावलेली बरी. एखादे झाड दगावले तरी दुसरे राहते.

जागेची एक अट मात्र पक्की आहे : पाणी साचता कामा नये. करवंद पाण्यावाचून जगते, पण साचलेल्या पाण्यात त्याचे मूळ कुजते. पंचगंगेच्या काठच्या काळ्या जमिनीत लावायचे असेल तर फूट-दीड फूट उंच वरंबा करून त्यावर लावावे. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत ज्यांच्या दारात दिवसेंदिवस पाणी उभे होते, त्यांनी जमिनीत न लावता पिंपात लावावे, म्हणजे वेळ पडल्यास ते उचलून हलवता येते.

पिंपातली लागवड : तळाला भोके पाडलेले जुने प्लॅस्टिकचे पिंप किंवा अर्धे कापलेले ड्रम, तोंड निदान दीड फूट रुंद असावे. तळाशी विटांचे तुकडे, वर दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग बारीक मुरूम. पिंपातल्या झाडाला मात्र उन्हाळ्यात पाणी घालावेच लागते, कारण त्याच्या मुळाला खाली जायला वाट नसते. स्वयंपाकघरातले तांदूळ-डाळ धुतलेले पाणी घातले तरी चालते, साबणाचे घालू नये.

जमिनीतल्या रोपाला पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा पाणी द्यावे. तिसऱ्या वर्षापासून ते आपले आपण सांभाळते. दरवर्षी पावसाच्या तोंडावर एक-दोन पाट्या शेणखत दिले तर झाड खूश.

छाटणी करताना सांभाळा

करवंदाला फुले येतात ती बहुतेक फांदीच्या शेंड्याशी. ज्याने कुंपण नीटनेटके दिसावे म्हणून दिवाळीला, संक्रांतीला कात्री चालवली, त्याने येणारी फुले आपल्या हाताने कापली. मग 'झाड वाढते पण फळ नाही' अशी तक्रार राहते. छाटणी एकदाच करावी आणि ती फळे उतरल्यावर लगेच, पावसाच्या सुरुवातीला. वाळलेल्या, एकमेकींत घुसलेल्या आणि बुडातून उगवलेल्या फांद्या काढाव्यात. हातात जाड कापड गुंडाळावे आणि डोळे सांभाळावेत.

रोग-किडी या झाडाला थोड्याच. पावसाळ्यात पानांवर काळे-तपकिरी डाग पडतात आणि शेंडे वाळतात. ते कापून जाळून टाकावेत आणि आत वारा खेळेल अशी मोकळी छाटणी ठेवावी. कधी बोटाएवढ्या जाड हिरव्या अळ्या पाने फस्त करतात. त्या हाताने वेचून काढल्या की काम भागते. त्यासाठी घरात विषारी औषध आणून मुलांच्या तोंडाशी ठेवू नये.

शेजारधर्म महत्त्वाचा. आपल्या वस्तीतले बोळ अरुंद असतात. जाणाऱ्या-येणाऱ्याच्या अंगाला काटा लागेल अशा जागी करवंद लावू नये. दारापासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून ते चार हात लांब असावे.

फळ आले, पुढे काय?

चांगले वाढलेले झाड ४-५ किलो फळ देते. कच्चे फळ लोणच्याला, अर्धे पिकलेले जॅमला, पूर्ण पिकलेले खायला आणि सरबताला. कच्च्या करवंदात घट्टपणा आणणारे पेक्टिन भरपूर असते, म्हणून जॅमला बाहेरची पूड लागत नाही. बेकरीतल्या केकवर जी लालभडक 'चेरी' असते, ती पुष्कळदा चेरी नसतेच. ते बी काढून, पाकात मुरवून, रंग दिलेले आपले करवंदच असते. म्हणजे 'मोठ्या लोकांच्या' वाढदिवसाच्या केकवर आपल्या डोंगरची मैनाच नाव बदलून बसलेली असते.

कच्च्या करवंदाचे लोणचे : १ किलो कच्ची करवंदे धुऊन पुसून घ्यावीत. हाताला तेल लावून प्रत्येकाचे दोन भाग करावेत आणि बिया काढाव्यात. भाग मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवले की चीक सुटतो. ते निथळून फडक्यावर कोरडे करावेत. १५० ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम मोहरीची डाळ, ७५ ग्रॅम तिखट, दोन चमचे हळद, एक चमचा हिंग हे सर्व कालवावे. पाव किलो तेल कडकडीत तापवून, पूर्ण गार करून वरून ओतावे. बरणी काचेची किंवा चिनी मातीची घ्यावी. पितळ आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यात आंबट वस्तू ठेवू नये.

झटपट चटणी : वाटीभर कच्ची करवंदे (बिया काढून), चार हिरव्या मिरच्या, आठ लसूणपाकळ्या, अर्धी वाटी भाजलेले शेंगदाणे, मीठ आणि गुळाचा खडा. पाट्यावर जाडसर वाटावे. भाकरीबरोबर दुसरे कालवण लागत नाही.

भन्तेजींसाठी सरबत : विहारात भन्तेजी आले की दुपारनंतर त्यांना काय द्यावे हा प्रश्न भगिनींना नेहमी पडतो. विनयाप्रमाणे भिक्षू माध्यान्हानंतर जेवत नाहीत. परंतु तथागतांनी आंबा, जांभूळ, केळे, द्राक्ष अशा फळांची पेये त्यांना अनुज्ञात केली आणि धान्याचा रस वगळून इतर फळांचे रसही चालतात असे सांगितले. पिकलेली करवंदे स्वच्छ हातांनी चुरून, पाणी घालून, दुहेरी फडक्यातून नीट गाळावीत. गराचा कणही राहू देऊ नये. साखर घालून द्यावे. विस्तवावर शिजवू मात्र नये.

आरोग्याविषयी दोन शब्द. करवंदात 'क' जीवनसत्त्व असते आणि जेवणातले लोह अंगी लागण्यास 'क' जीवनसत्त्व मदत करते. म्हणून पालेभाजी-भाकरीबरोबर करवंदाची चटणी उत्तम. उलट जेवताच चहा घेतला तर लोह वाया जाते. परंतु 'करवंद खा आणि रक्त वाढवा' असे जे सांगितले जाते त्यावर विसंबू नये. गरोदर बहिणींनी आणि वयात आलेल्या मुलींनी सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या घेतल्याच पाहिजेत. फळ हे गोळीच्या जोडीला घ्यायचे, गोळीच्या जागी नव्हे.

पाटीवालीला विसरू नका

दारात करवंद आले म्हणून मंडईतल्या पाटीवालीकडे पाठ फिरवू नये. त्या बाईने पहाटे उठून काट्यात हात घातलेला असतो, मैल दोन मैल डोंगर उतरून गाडी पकडलेली असते. दिवसभराची कमाई त्या एका पाटीत असते. मोठ्या दुकानात छापील किमतीला मान डोलावणारे आपण तिच्याशी मात्र रुपया-दोन रुपयांसाठी वाद घालतो. ज्यांच्या आजीने मोळ्या आणि गवताचे भारे डोक्यावरून विकले, त्यांना श्रमाची किंमत दुसऱ्याने सांगावी लागू नये. रानातली करवंदे अस्वल, बुलबुल, उदमांजर यांचेही अन्न आहेत. राधानगरी अभयारण्यात फिरायला गेलो तर पिशव्या भरून आणू नयेत.

महिला मंडळांना आणि बचत गटांना आमची एक सूचना आहे. एकेकटीने दोन झाडे लावली तर घरापुरते लोणचे होईल. पण वस्तीतल्या दहा घरांनी प्रत्येकी दोन झाडे लावली, तर चौथ्या-पाचव्या वर्षी एका हंगामात ८०-१०० किलो फळ हाती येईल. त्याचे लोणचे, सरबत घालून स्वतःच्या गटाच्या नावाने विकता येईल. विकण्यासाठी करायचे तर अन्नसुरक्षेची नोंदणी आधी करावी आणि बाटलीवर तारीख लिहावी, म्हणजे कोणी बोट दाखवणार नाही.

तेव्हा या उन्हाळ्यात खड्डा घ्या आणि आषाढात रोप लावा. रोप आणताना नुसते 'करवंद द्या' म्हणू नका. 'कोकण बोल्ड, छाटाचे' असे स्पष्ट सांगा. ज्यांना मागायचे ते नाव घेऊन मागता येते, त्यांना कोणी फसवू शकत नाही, मग ते रोप असो की हक्क.